टर्बो बदलण्यापूर्वी कारण शोधा : जुन्या दमदार मोटारीतील बिघाड कसा हाताळावा

नवी दिल्ली : हौसेने घेतलेली जुनी, पण दमदार इंजिनाची मोटार घरी येऊन तीन-चार महिने झालेले असतात. महामार्गावर ट्रक ओलांडण्यासाठी मालक ॲक्सिलरेटर दाबतो आणि नेहमीची ओढ मिळत नाही. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, मागे निळसर धूर दिसतो. गॅरेजमध्ये काही मिनिटांतच निदान होते : टर्बो गेला. त्यानंतर सांगितला जाणारा खर्चाचा आकडा अनेकदा गाडीच्या खरेदी किमतीचा मोठा हिस्सा असतो. आयात सुट्या भागांवर अवलंबून असलेल्या मोटारींत तो लाखाच्या पुढेही जातो.

अशा वेळी बहुतेक मालक एकच प्रश्न विचारतात : नवा टर्बो कितीला पडेल? त्याआधी विचारावयाचा प्रश्न मात्र वेगळा आहे : जुना टर्बो कशाने गेला? टर्बोचार्जर स्वतःच्या दोषामुळे क्वचितच निकामी होतो. बहुतेक वेळा इंजिनातील दुसऱ्याच एखाद्या बिघाडाचा किंवा आधीच्या मालकाच्या सवयींचा तो बळी असतो. ते मूळ कारण तसेच राहिले, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो.

गाड्या बंद झाल्या, मागणी उरली

भारतात परवडणाऱ्या किमतीत वेगाची हौस भागविणाऱ्या अनेक मोटारी आता नव्या मिळत नाहीत. पुण्याजवळच्या चाकण येथे तयार होणारी फोक्सवॅगन पोलो २०१३ मध्ये १.२ लिटरच्या, सुमारे १०५ अश्वशक्तीच्या टर्बो पेट्रोल इंजिनासह ‘जीटी टीएसआय’ या नावाने आली; २०२२ मध्ये पोलोचे भारतातील उत्पादन थांबले. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये बाहेर पडलेली फियाटची अबार्थ पुन्टो सुमारे १४५ अश्वशक्तीची होती. तीही इतिहासजमा झाली. मारुती सुझुकीने २०१७ मध्ये आणलेली एक लिटर टर्बो इंजिनाची बलेनो आरएस फार काळ टिकली नाही. स्कोडाने २०२० मध्ये आणलेल्या २४५ अश्वशक्तीच्या ऑक्टाव्हिया आरएसच्या तर केवळ २०० गाड्या भारतासाठी होत्या. या मोटारींची आवड असणाऱ्यांना आता जुन्या वाहनांच्या बाजाराखेरीज पर्याय नाही.

करांच्या रचनेनेही टर्बोचा प्रसार वाढविला. चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना कमी कर लागतो. त्या मर्यादेत राहून अधिक शक्ती मिळविण्याचा सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे लहान इंजिनाला टर्बोची जोड देणे. त्यामुळे एरवी साध्या वाटणाऱ्या अनेक मोटारींतही आज हा भाग असतो आणि येत्या काही वर्षांत त्या मोठ्या संख्येने दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या हाती जाणार आहेत.

टर्बो म्हणजे काय

स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचे तत्त्व आजही तेच आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंमध्ये बरीच ऊर्जा शिल्लक असते. ते वायू एका लहान पंख्यावर, म्हणजे टर्बाइनवर सोडले जातात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला कॉम्प्रेसरचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. अधिक हवा मिळाली की अधिक इंधन जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्या इंजिनाइतके काम करते. दाबल्यामुळे तापलेली हवा वाटेत इंटरकूलरमध्ये थंड केली जाते. दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून ‘वेस्टगेट’ नावाची झडप काही वायू टर्बाइनला वळसा घालून थेट बाहेर सोडते.

या भागावर पडणारा ताण असाधारण असतो. मोटारीतील लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून अधिक फेरे घेऊ शकतो. पेट्रोल इंजिनात टर्बाइनच्या बाजूचे तापमान ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. इतक्या वेगाने फिरणारा दांडा बहुतेक टर्बोंमध्ये ऑइलच्या, केसाहूनही पातळ अशा थरावर तरंगत असतो. हे ऑइल इंजिनाच्या पंपातून दाबाने येते आणि आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये परतते. हा थर क्षणभर जरी तुटला, तरी धातूवर धातू घासू लागतो.

बिघाडाची चार मुळे

पहिले आणि सर्वाधिक आढळणारे कारण ऑइलचे. ऑइल वेळेवर न बदलणे, कंपनीने सांगितलेल्या दर्जाऐवजी स्वस्त ऑइल भरणे किंवा पातळी कमी असताना गाडी चालवणे यांमुळे ऑइलमध्ये गाळ व काजळी साठते. टर्बोकडे जाणारी ऑइलची नळी बारीक असते. ती हळूहळू चोंदते. सलग घाट चढून किंवा वेगाने गाडी हाकून थांबताच इंजिन बंद करण्याची सवयही घातक ठरते. टर्बो तप्त असताना ऑइलचा प्रवाह थांबतो आणि आत अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. अनेक नव्या मोटारींत इंजिन बंद झाल्यावरही काही काळ शीतक फिरवणारा विद्युत पंप असतो. तरीही जोरदार प्रवासानंतर एक-दोन मिनिटे इंजिन मंद गतीवर चालू ठेवणे हिताचे असते.

दुसरे कारण बाहेरचा कण. एअर फिल्टर फाटलेला असेल किंवा नीट बसवलेला नसेल, तर धूळ थेट कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळते. धुळीच्या रस्त्यांवर हा धोका अधिक. उलट बाजूने, स्पार्क प्लगचा किंवा व्हॉल्व्हचा तुटलेला तुकडा टर्बाइनचे पाते मोडू शकतो.

तिसरे कारण मर्यादेबाहेरचा वेग. अधिक शक्तीसाठी इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलण्याचा, म्हणजे ‘रीमॅप’ करण्याचा प्रघात दमदार मोटारींच्या हौशी वर्तुळात सर्रास आहे. जपून केलेले रीमॅप बरेच दिवस टिकतेही. मात्र त्यात टर्बोची राखीव क्षमता वापरली जाते. दाबाची हवा नेणाऱ्या पाइपला लहानशी भेग असली, तरी संगणकाने मागितलेला दाब गाठण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणजे काही शे रुपयांच्या सैल क्लॅम्पमुळेही टर्बोचे आयुष्य घटू शकते.

चौथे कारण अतिउष्णता. चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंधन व हवेचे बिघडलेले प्रमाण किंवा शीतकाची कमतरता यांमुळे टर्बाइनची बाजू तापते, तिच्या घराला तडे जातात आणि वेस्टगेटची झडप अडकू लागते.

लक्षण टर्बोचे, दोष दुसऱ्याचा

ओढ कमी होणे, सायरनसारखा चढता आवाज, एक्झॉस्टमधून निळा धूर आणि ऑइलची पातळी झपाट्याने घटणे ही टर्बो खराब झाल्याची नेहमीची लक्षणे. निळा धूर जळणाऱ्या ऑइलचा असतो. डिझेल गाडीतील दाट काळा धूर हवा अपुरी पडत असल्याचे सांगतो. संगणकात बहुधा पी०२९९, म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा कमी, किंवा पी०२३४, म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा जास्त, असा दोषसंकेत नोंदवला जातो.

मात्र हा संकेत ‘टर्बो बदला’ असे सांगत नाही. दाब हवा तितका नाही, इतकेच सांगतो. फाटलेला पाइप, निसटलेला क्लॅम्प, गळका इंटरकूलर, दाब नियंत्रित करणारा बिघडलेला सोलेनॉइड, चुकीचे मोजमाप देणारा सेन्सर, अडकलेला वेस्टगेट किंवा चोंदलेली एक्झॉस्ट यंत्रणा यांपैकी कशानेही तोच संकेत येऊ शकतो. यांतील बहुतेक दुरुस्त्यांचा खर्च नव्या टर्बोच्या मानाने अगदी किरकोळ असतो.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी दोषसंकेत आणि ते नोंदले गेले तेव्हाची आकडेवारी वाचावी. नंतर हवेच्या मार्गात धूर किंवा दाब सोडून गळती शोधावी. पुढे गाडी चालवत मागितलेला आणि प्रत्यक्ष मिळालेला दाब यांची तुलना करावी. त्यानंतरच पाइप काढून कॉम्प्रेसरचा पंखा पाहावा. पाती वाकली किंवा झिजली असतील, किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा असतील, तर शंका उरत नाही. दांडा बोटाने हलवून पाहताना मात्र घाई नको. ऑइलच्या थरावर चालणाऱ्या टर्बोत दांडा आडवा किंचित हलणे स्वाभाविक असते. तो पुढे-मागे जाणवण्याइतका सरकणे किंवा पंखा घराला टेकणे हे दोषाचे चिन्ह. पाइपमध्ये ऑइलचा पुसटसा थर आढळणे हाही पुरावा नव्हे. ऑइलचे थारोळे साचलेले असेल तर तो पुरावा.

धुराबाबतही हाच विवेक हवा. इंजिनातील वायू बाहेर सोडणारी झडप तुंबली किंवा ऑइल परत नेणारी नळी चोंदली, तर निर्दोष टर्बोही ऑइल गाळू लागतो. पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांमुळे इंजिनाच्या पोटातील दाब वाढला असेल, तर टर्बो बदलून काहीच साधणार नाही.

गाडी चालवत नेऊ नये

टर्बो निकामी झाल्याची दाट शंका असल्यास इंजिन बंद करून गाडी टोचन करून न्यावी. तुटलेल्या पात्याचे तुकडे इंजिनात शिरले किंवा ऑइल संपले, तर टर्बोचा खर्च इंजिनाच्या खर्चात बदलतो.

डिझेल मोटारींत याहून गंभीर धोका असतो. टर्बोमधून गळणारे ऑइल हवेच्या मार्गाने इंजिनात गेले, तर इंजिन त्याच ऑइलवर चालू लागते, त्याचा वेग आपोआप वाढत जातो आणि चावी फिरवूनही ते बंद होत नाही. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत अशा वेळी वरचा गिअर टाकून, ब्रेक घट्ट दाबून क्लच सोडावा आणि इंजिन बंद पाडावे. ते शक्य नसल्यास सर्वांनी गाडीतून उतरून दूर व्हावे. भडकलेल्या इंजिनाचे बॉनेट उघडून जवळ उभे राहणे धोक्याचे आहे.

नवा, दुरुस्त की भंगारातला

टर्बो खरोखरच गेला असेल, तर मालकासमोर साधारण चार पर्याय असतात. मूळ उत्पादकाचा नवा टर्बो सर्वांत महाग, पण सर्वांत निर्धोक. दुसरा पर्याय जुन्याच टर्बोचा गाभा, म्हणजे दांडा, पंखे आणि बेअरिंग असलेला मधला भाग, बदलून घेण्याचा. हे काम करणाऱ्याकडे अतिवेगावर दांड्याचा तोल साधणारे यंत्र आहे का आणि वेस्टगेट किंवा फिरत्या पात्यांची जुळणी तपासून मिळते का, हे विचारावे. तोलाची छापील नोंद आणि लेखी हमी मिळाल्यास हा मार्ग बहुतेकांना परवडणारा व समाधानकारक ठरतो. तिसरा, अपघातग्रस्त गाडीतून काढलेला टर्बो. त्याचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो. चौथा, नावगाव नसलेली स्वस्त नक्कल. मिनिटाला लाखो फेरे घेणाऱ्या भागाच्या बाबतीत ही बचत अनेकदा अंगाशी येते.

पर्याय कोणताही निवडला, तरी बसवण्याच्या कामात पुढील गोष्टी झाल्याच पाहिजेत. ऑइल आणि ऑइल फिल्टर नवे असावेत. ऑइल आणणारी नळी शक्यतो बदलावी, परत नेणारी नळी पूर्ण साफ असावी. इंटरकूलर व पाइप धुऊन त्यांतील ऑइल आणि धातूचे कण काढावेत. अन्यथा तेच कण इंजिनात जातात. टर्बाइनची पाती मोडली असतील, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तपासावा. ऑइलच्या मार्गावरील जोडांना सिलिकॉनचा लेप लावू नये. त्याचा सुटा तुकडा नळी बंद करतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोत ऑइल भरावे आणि सुरू झाल्यावर काही मिनिटे ते मंद गतीवरच चालू द्यावे. नवा टर्बो कोरडा फिरला, तर पहिल्या मिनिटातच त्याचे नुकसान सुरू होते.

मालकाने काम सोपवताना बिघाडाचे कारण लेखी मागावे, काढलेला जुना टर्बो ताब्यात घ्यावा आणि प्रत्येक भागाची नोंद असलेले बिल घ्यावे. बिलावर केवळ टर्बो व मजुरी असेल आणि नळी, ऑइल, फिल्टर यांचा उल्लेखही नसेल, तर काम अर्धवट झाले असण्याची शक्यता आहे.

खरेदीपूर्वीचा अर्धा तास

हा सारा प्रसंग टाळण्याची खरी वेळ खरेदीपूर्वीची. गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवण्यास सांगावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच काही लपवते. सुरू होताना आणि काही मिनिटे मंद गतीवर चालल्यानंतर ॲक्सिलरेटर दाबताच निळा धूर येतो का, ते पाहावे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून ओढ एकसंध आहे का, हे अनुभवावे.

स्कॅनर लावून केवळ ‘दोष नाही’ एवढ्यावर समाधान मानू नये. दोषसंकेत पुसून गाडी दाखवली जाऊ शकते. मात्र संकेत पुसल्यावर संगणकाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात आणि ते पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक स्कॅनर दाखवतात. विक्रीच्या आदल्या दिवशीच नोंदी पुसलेल्या असतील, तर विक्रेत्याला कारण विचारलेच पाहिजे. सर्व्हिसच्या नोंदींत किलोमीटरपेक्षा ऑइल बदलण्यातील अंतर बारकाईने पाहावे. रीमॅप करून नंतर मूळ आज्ञावली परत टाकली असेल, तर ते ओळखणे कठीण असते. वेगळा एअर फिल्टर, बदललेला एक्झॉस्ट, मोठा इंटरकूलर किंवा त्यांचे डाग अशा खुणा दिसल्यास तो संशय बळावतो.

दाद कोठे मागावी

प्रमाणित मोटार विमा पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज यांची भरपाई मिळत नाही. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले असले, तरी ते साधारणपणे पाणी शिरणे किंवा ऑइल गळतीमुळे होणाऱ्या नुकसानीपुरते असते. त्यातील अटी वाचूनच अपेक्षा ठेवावी. रीमॅप केलेल्या गाडीला उत्पादकाची वॉरंटीही सहसा नाकारली जाते.

व्यावसायिक विक्रेत्याकडून गाडी घेतली असेल आणि त्याने दोष दडवला किंवा दिलेली वॉरंटी पाळली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. महत्त्वाचे म्हणजे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार दाखल करता येते. दिल्लीत गाडी घेऊन ती इंदूर, बंगळूर किंवा नागपूरला नेणाऱ्याला त्यासाठी दिल्लीच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. प्राथमिक मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी परिवहन खात्याच्या अधिकारपत्राची तरतूद लागू आहे. ते पाहूनच व्यवहार करावा.

खासगी मालकाकडून घेतलेल्या गाडीबाबत स्थिती वेगळी आहे. एकदाच आपली गाडी विकणारी व्यक्ती व्यापारी नसल्याने तेथे ग्राहक कायदा सहसा उपयोगी पडत नाही आणि दिवाणी मार्ग उरतो. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार दोष जाणूनबुजून लपवणे ही फसवणूक आहे. केवळ गप्प राहणे मात्र सामान्यतः फसवणूक ठरत नाही. म्हणून खरेदीदाराने विचारणे, तेही लेखी विचारणे, निर्णायक ठरते. टर्बो किंवा इंजिनाचे काम कधी झाले आहे का, रीमॅप केले होते का, ऑइल शेवटचे कधी बदलले, या तीन प्रश्नांची मोबाइलवरील संदेशातून घेतलेली उत्तरे पुढे पुरावा म्हणून कामी येऊ शकतात.

टर्बो बदलल्यानंतर जमा झालेली कागदपत्रे, म्हणजे बिघाडाचे लेखी कारण, बिल, तोलाची नोंद आणि त्यानंतर वेळेवर बदललेल्या ऑइलच्या पावत्या, एका फाइलमध्ये ठेवावीत. दुरुस्तीची हमी मागण्याची वेळ आली तर ती लागतील. पुढे गाडी विकताना तोच प्रश्न नवा खरेदीदार विचारेल, तेव्हा त्याचे उत्तरही त्याच फाइलमध्ये असेल.